काजळपाण्याची पहिली नळी

मंगळवार, ४ तारीख
प्रयोगशाळेची गच्ची, दुपार

चि. फुंकऱ्या,

अनेक आशीर्वाद. तूही आता पन्नाशीला टेकलास, तेव्हा आशीर्वाद घ्यायला वाकताना कंबर सांभाळ. मी बरी आहे. गुडघे अजून माझं ऐकतात, उलट उत्तर देऊन का होईना. वहिनीची पाठ कशी आहे? तुझी लेक म्हणे हल्ली तुझ्याशेजारी बसून ज्योतीवर काच फिरवते. हे मला तुझा पत्ता देणाऱ्याने सांगितलं. तो कोण ते विचारू नकोस. त्याला मी वचन दिलंय, आणि वचन पाळायची सवय मला या वयात लावून घ्यायची आहे.

नऊ वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून कुणी गेलं-बिलं की काय असं समजू नकोस. सगळे आहेत. जायला हवे होते तेसुद्धा आहेत.

मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. तुझ्या काचेबद्दल. पण माझी सांगायची पद्धत तुला ठाऊक आहे. शेजारच्या घरी जायचं तरी मी सगळ्या गल्लीला वळसा घालून जाते. तेव्हा आधी वळसा घालते.

आमच्याकडे नवे साहेब आलेत. वय छत्तीस. ते खोलीत येत नाहीत, सादर होतात. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मुळात’ने करतात आणि शेंड्यावरच थांबतात. माणूस वाईट नाही. मला या महिन्यात इथे पंचवीस वर्षं पूर्ण होतात, म्हणून अठरा तारखेला माझा सत्कार करायचा असं त्यांच्या मनाने घेतलंय. मी ‘नको’ म्हटलं, तर त्यांनी ते लगेच भाषणात घालायला टिपून घेतलं.

परवा शाळेच्या मुली प्रयोगशाळा बघायला आल्या होत्या. साहेब सादर व्हायच्या आत मीच त्यांना सांगितलं. म्हटलं, नेहमीच्या सौरबंबात ऊन आधी काळ्या पत्र्यावर पडतं. पत्रा तापतो, तो नळीला कळवतो, नळी पाण्याला कळवते, आणि प्रत्येक टेबलावर थोडी ऊब गळते. आमच्याकडे मधलं टेबलच नाही. काचेच्या नळीत पाणी, पाण्यात कोळशाचे कण, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर ओळीने झोपतील. ते पाणीच काळं, आणि तेच काचेतून थेट ऊन पितं. याला आम्ही काजळपाणी म्हणतो.

एक दोन वेण्यांची चिमुरडी म्हणाली, ‘मग ते कण खाली नाही बसत?’

‘बसतात. एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तीन दिवसांत तळाशी. आम्ही रोज सकाळी त्यांना गुणगुणणाऱ्या यंत्रात हलवून उठवतो.’

‘मग ती दारातली नळी? ती तर काळीच आहे.’

मी म्हटलं, ‘चला, गच्ची बघू या.’

दारातली नळी म्हणजे तुझी. तोंडाला ओठ असलेली. बूच लावून काचेच्या कपाटात उभी आहे, खाली फलक : ‘काहीही न मिसळता टिकलेलं पहिलं काजळपाणी.’ त्याखाली जुन्या साहेबांचं नाव, मग माझं. तुझं नाही. आता ते इतकी वर्षं तिथे नाही की नसल्याचंही कुणाला दिसत नाही.

तर सत्काराच्या दिवशी साहेब ती नळी कपाटातून काढणार. गच्चीवरच्या मोठ्या आरशासमोर लावणार. भर बाराच्या उन्हात, पाहुण्यांच्या देखत. त्या नळीने पुरं ऊन कधी बघितलेलं नाही. आठवतं तुला, पहिल्या दिवशी ढग होते आणि पारा पन्नासच्या वर गेलाच नाही.

मी विचारलं, ‘आणि नाही टिकली तर?’

‘टिकेल हो, बाई. आणि नाहीच, तर मुळात काच जुनी आहे. त्या माणसाच्या काचेबद्दल तक्रारी होत्याच ना?’

‘त्या माणसाच्या’ म्हणाले. माझ्या तोंडावर. तो माणूस माझ्या पाठचा, मी त्याला कडेवर घेऊन फिरवलंय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मीसुद्धा नाही सांगितलं.

चहाच्या खोलीतल्या मावशी अजून आहेत. मी दिसले की अजून विचारतात, ‘बाई, माझी साबणाची बाटली कधी देताय?’ मी हसते. सगळे हसतात.

आता ती गोष्ट. कागद संपला असं लिहिणार होते, पण हा पाठीमागे सगळा कोरा आहे आणि तुला लांबूनही ते दिसेल. संपला तो माझा धीर.

तुझी (हा शब्द खोडावासा वाटला तर खोड)
ताई


मंगळवार, ११ तारीख
तीच गच्ची, तीच दुपार

चि. फुंकऱ्या,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे, मी विचारलंच काय होतं?

जेवणानंतर इथे आरशाच्या सावलीत डोळा लागला. स्वप्नात मी काजळपाण्यात होते. बुडत नव्हते, तरंगतही नव्हते, नुसती होते. आजूबाजूला सगळे आपले. आई, बाबा, जुने साहेब, दोन वेण्यांची ती पोर. सगळे कणाएवढे, आणि वरून ऊन सायीसारखं जाड खाली उतरत होतं. कुणी कुणाला चिकटलेलं नव्हतं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. मग कुणीतरी माझा हात धरला, मीही धरला, आणि दोघंही खाली जायला लागलो, इतक्या सावकाश की जातोय हे फक्त वर बघितल्यावर कळत होतं. वर सगळं नितळ होत चाललं होतं. हात कुणाचा ते बघावं म्हणून वळले, तर फक्त फुंकर ऐकू आली. ज्योतीवर तुझी असायची तशी, लांब, एकसारखी, श्वास संपला तरी न संपणारी.

जागी झाले तर गाल ओला. घाम असेल. असं आपण म्हणू.

त्या नळीची गोष्ट अशी.

मी विभागाची प्रमुख झाले त्या आठवड्यात तू ती नळी केलीस. नकाशात सरळ तोंड होतं, तू मुद्दाम ओठ काढलास. मी रागावले तर म्हणालास, ‘नकाशातली पुढच्या आठवड्यात देतो. ही तुला.’ आणि तीन पांढरी फुलं घालून माझ्या टेबलावर ठेवलीस. आठ दिवस ती तिथेच होती. पाणी बदलायचं मला सुचलं नाही. देठं कुजली, आत हिरवी रेघ धरली.

नवव्या दिवशी जुने साहेब धावत आले. वरची मंडळी अर्ध्या तासात येतायत, प्रयोग दाखवा. तुझी नकाशातली नळी अजून निवत होती. गरम काच घाईने बाहेर काढू देशील तर तू कसला! मग मी टेबलावरची उचलली.

नळी कशी धुवायची ते तुला मी सांगायला नको. आधी आम्लाचं पाणी, मग तीनदा शुद्ध पाणी, मग भट्टीत वाळवायची. दीड तास. माझ्याकडे वीस मिनिटं होती आणि आत हिरवी रेघ. मी चहाच्या खोलीत गेले. मावशींची भांडी घासायची बाटली घेतली, नळीत ओतली, लांब काडीला फडकं गुंडाळून घासली, एकदा नळाखाली धरली आणि काजळपाणी भरलं.

एकदा. एकदाच धरली.

ते काजळपाणी चाळीस दिवस झाले तरी बसलं नाही. पुढचं तुला माहीत आहे. टाळ्या, निबंध, फलक. ‘काहीही न मिसळता.’ आणि मग दुसरी नळी तीन दिवसांत बसली. तिसरी बसली. अकरावी बसली. सगळ्या तुझ्या हातच्या, सगळ्या मी नियमाने धुतलेल्या. चौकशीच्या खोलीत सहा जण बसले आणि त्यांना फरक सापडला. तो तू होतास. पहिली मन लावून केली, नंतरच्या वेळी हलगर्जी, काच नीट निववली नाही, आतून खरखरीत राहिली. काच कशाला म्हणतात हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. पाचांना चष्मे होते, तेवढाच काय तो संबंध.

तू मला विचारलंस. त्यांना नाही, मला. ‘ताई, नळ्या तू धुतेस. पहिलीत काही वेगळं झालं होतं का?’

मी म्हटलं, ‘नाही.’

तेव्हा मला नक्की माहीत नव्हतं, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आलेय. हेही खोटं आहे. चौकशीच्या आदल्या रविवारी मी घरी एका पेल्यात काजळपाणी घेऊन त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला होता. दुसऱ्यात काही टाकलं नव्हतं. दोन्ही खिडकीत ठेवले होते. चौकशी बुधवारी होती. बुधवारी सकाळी एक पेला बसला होता आणि एक काळाभोर होता. मी दोन्ही पेले बघितले, केस विंचरले आणि कामावर आले.

साबण कणांना एकमेकांपासून लांब धरतो. एवढंच. ही काही मोठी विद्या नाही, मावशींना कळली असती. पण ‘काहीही न मिसळता’ खाली माझं नाव होतं, शाई ओली होती. तू गळ्यातला काळा चष्मा काढून टेबलावर ठेवलास आणि गेलास. माझ्याकडे बघितलंही नाहीस. तू बघू नयेस म्हणून मी खिडकीकडे बघत होते, त्यामुळे हेही मला इतरांकडून कळलं.

अठरा तारखेला साठ-सत्तर अंशांच्या पुढे साबणाची पकड सुटेल. काजळपाणी सगळ्यांसमोर फुटेल. आणि सगळे पुन्हा म्हणतील, काच.

मला फक्त गप्प बसायचंय. त्याचा मला सराव आहे.

ताई


मंगळवार, १८ तारीख
संध्याकाळ, घर

चि. फुंकऱ्या,

घरी आल्यावर आधी पाय धुतले, मग कागद घेतला. क्रमाने सांगते, नाहीतर मी पुन्हा वळसा घालीन.

गच्चीवर खुर्च्या होत्या, कापडी छत होतं, पाहुणे होते. पहिल्या रांगेत जुने साहेब, टोपी घालून. मावशी चहाचा ट्रे घेऊन जिन्याच्या दाराशी. साहेबांनी तुझी नळी कपाटातून आणली ती तान्हं मूल आणतात तशी. माझ्यावर अकरा मिनिटं बोलले. त्यातली मी कोण हे मलाही जाणून घ्यावंसं वाटत होतं. मग म्हणाले, आता बाई स्वतः नळी उन्हात लावतील.

मी ध्वनिक्षेपक हातात घेतला. म्हटलं, ‘ही नळी लावण्याआधी एक सांगते. यात साबण आहे. मी ती भांड्याच्या साबणाने धुतली आणि नीट खळबळली नाही. टिकली ती त्यामुळे. पुढच्या नळ्यांत काही दोष नव्हता. काच करणारा माझा भाऊ आहे. त्याला घालवलं ते माझ्या गप्प बसण्याने.’

छताचं कापड हललेलं ऐकू आलं.

आणि मग टाळ्या.

खरंच सांगते. साहेब उठून म्हणाले, ‘मुळात याला म्हणतात विनय! सगळं श्रेय एका साबणाला!’ पुन्हा टाळ्या. एक पाहुण्या डोळे पुसत होत्या. नऊ वर्षं उराशी धरलेलं पाप बाहेर काढलं, तर त्यालाही हार घालायला निघाले. मी ‘अहो, खरं आहे’ म्हणत होते आणि ते मान डोलवत होते.

तेवढ्यात जिन्याच्या दारातून आवाज आला. ‘विनय कसला डोंबलाचा! माझी बाटली होती ती!’

मावशी ट्रे घेऊन सरळ मधून चालत आल्या. ‘नवी कोरी बाटली. फुलांची घाण निघेना म्हणून यांनी अर्धी संपवली. पाणी एकदाच फिरवलं. मी म्हटलंसुद्धा, बाई, फेस राहिलाय. तर म्हणे, मावशी, वेळ नाही.’

साहेब म्हणाले, ‘मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?’

‘रोज तर विचारत होते, माझी बाटली कुठाय म्हणून. तुम्ही हसायचात.’

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. जुने साहेब आपले बूट बघत होते, जणू कुणा दुसऱ्याच्या पायातले आहेत. माझं बोलणं विनय ठरलं आणि मावशींचं साक्ष. पंचवीस वर्षांच्या नोकरीने मला काय दिलं ते एका वाक्यात कळलं.

मी बूच काढून नळी लावली. कुणी ‘लावा’ म्हणालं नाही, कुणी ‘नको’ही म्हणालं नाही. आरशाने सगळं ऊन गोळा करून तिच्यावर टाकलं. पन्नास. साठ. अडुसष्टला ओठापाशी फेस आला, काळा, किनार लावल्यासारखा. मग आत काहीतरी हललं. कण एकमेकांना सापडायला लागले. आधी धूळ, मग जळलेल्या कागदाच्या कपच्या, आणि त्या हळूहळू खाली यायला लागल्या. माझं स्वप्न, फुंकऱ्या, तंतोतंत तेच. वरून पाणी नितळ होत आलं, आणि एका क्षणी ऊन नळीतून आरपार गेलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पाठीमागच्या कठड्यावर एक उजेडाची पट्टी पडली, थरथरणारी. मी तिच्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. मला वाटलं, ही पट्टी इतकी वर्षं आत अडकून होती.

भानावर आले तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

नळी मी फडक्यात गुंडाळून सावलीत निवू दिली, तू शिकवलं होतंस तशी. घाई केली नाही. मग खाली जाऊन नियमाने धुतली. आम्ल, तीनदा पाणी, भट्टी. दीड तास. ताजं काजळपाणी भरून परत वर आले. तेव्हा गच्चीवर साहेब आणि मावशी दोघंच होते. उन्हाचा जोर ओसरला होता, तरी पारा एक्क्याण्णववर गेला. तडा नाही. ओरखडा नाही. आतून बोट फिरवावं इतकी गुळगुळीत. मी साहेबांना म्हटलं, ‘बघून घ्या. काच निर्दोष आहे. तेव्हाही होती. हे लिहून द्या, आणि लिहिताना त्याचं नाव घाला.’

त्यांनी वाकून पारा पुन्हा वाचला. मग म्हणाले, ‘लिहितो.’ ‘मुळात’ नाही म्हणाले.

मावशी म्हणाल्या, ‘आणि माझी बाटली?’

उद्या आणून देते.

क्षमा माग असं मन म्हणतंय, पण ती मागितली की देण्याचं काम तुझ्या गळ्यात पडतं. तुझ्या गळ्यात मी पुरेसं घातलंय. फक्त कळवते.

ताई


शनिवार, २९ तारीख
सकाळ

चि. फुंकऱ्या,

तुझं कार्ड काल आलं. पाच शब्द. ‘ताई, नळीचा व्यास कळव. आतला.’

मी ते तीनदा वाचलं, मग मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘एवढंच?’ म्हटलं, मावशी, पहिला शब्द परत ऐका.

इकडची हकीकत : फलक काढला. प्रमुखपदही काढलं, मी आता कोपऱ्यातल्या टेबलावर बसते, जिथे दुपारी दोन ते चार ऊन येतं. हे त्यांनी शिक्षा म्हणून दिलंय, त्यांना सांगू नकोस. चौकशीच्या कागदावर तुझं नाव लागलं, ‘निर्दोष’ या शब्दासकट. त्याची नक्कल सोबत आहे. तुझ्या लेकीला वाचू दे. काजळपाण्यात उन्हाला टिकेल असं काय मिसळायचं ते आता उघडपणे शोधायचं ठरलंय, आणि त्यासाठी नळ्या हव्यात. मी तुझं नाव सुचवलं नाही. मला तो हक्क नाही. साहेबांनीच सुचवलं. त्यांनी तुला पत्र पाठवलं असणार, आणि तू उत्तर मला दिलंस.

तुझी ती पहिली नळी माझ्या नव्या टेबलावर आहे. रिकामी, नितळ. ऊन येतं तेव्हा भिंतीवर पट्टी पडते. काल तीन पांढरी फुलं घातली. पाणी आज सकाळी बदललं. रोज बदलीन.

आतला व्यास बावीस मिलिमीटर. लांबी तीनशे. तोंड नकाशात सरळ आहे.

बारा हव्यात. धुण्याचं काम आता माझ्याकडे नाही. आणायला मात्र मी येईन, तू ये म्हणालास तर. गरम असल्या तरी हरकत नाही, निवेपर्यंत बाहेर बसेन.

तुझी
ताई